स्वतःबद्दल लिहा, साहेब

आपणच आपली स्तुती करतो तो मूर्ख, असं समर्थ रामदास मूर्खलक्षणांत सांगून गेले. आर्थिक वर्ष संपलं की कंपन्यांमधले मॅनेजर मात्र नेमके हेच करायला बसतात. सेल्फ-अप्रेझलचा, म्हणजे स्वतःच्याच कामाचं मूल्यमापन करायचा फॉर्म समोर असतो आणि पेन अडतं.

अडणारच. साहेब कसा आहे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे कायम साहेबाच्या साहेबाकडे राहिला. सरकारी नोकरीतला सीआर, म्हणजे वरिष्ठाने लिहिलेला 'कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट', नावाप्रमाणेच गोपनीय असे. प्रतिकूल शेरा तेवढा कळवायचा, बाकी बंद पाकिटात. सीमा रस्ते सेवेतल्या एका अभियंत्याला 1993-94 साली 'चांगला' असा शेरा मिळाला. पदोन्नतीला 'अतिशय चांगला' हवा होता, त्यामुळे ती हुकली. 'चांगला' हा प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून कोणी कळवलाही नव्हता! अखेर 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, असा निकाल दिला.

खासगी क्षेत्रात बदल त्याआधी सुरू झाला होता. 1974 मध्ये लार्सन अँड टुब्रोने मूल्यमापनाची पद्धत तपासण्यासाठी अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावलं. शेरा मारून फाइल मिटू नका, त्या माणसाशी बोला, त्याच्या पुढच्या वाटचालीचा विचार करा, असा त्यांच्या सल्ल्याचा रोख होता. त्यातून 1975 मध्ये तिथे स्वतंत्र एचआरडी, म्हणजे मनुष्यबळ विकास विभाग उभा राहिला. पुढे राव यांनी जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या व्यवस्थापन संस्थेत सहकाऱ्यांसह कामाच्या ठिकाणचं वातावरण मोजणारी 38 विधानांची प्रश्नावली केली. कारण फॉर्म कितीही चांगला असला, तरी खरं लिहिणाऱ्याला त्याचा फटका बसत असेल, तर कोण खरं लिहील?

याच सुमारास पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा भारतीय साहेबाचा अभ्यास करत होते. वरून स्नेह, खालून श्रद्धा, हे नातं त्यांना इथल्या कचेऱ्यांत दिसलं. माया करणारा, पण काम चोख मागणारा वरिष्ठ इथे चालतो, अशी त्यांची मांडणी 1980 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून देशोदेशींची तुलना छापली. वरिष्ठ-कनिष्ठांमधली दरी मान्य करण्याच्या मापावर भारत 77, अमेरिका 40; आकडा जितका मोठा, तितकी दरी अधिक मान्य.

अमेरिकी कंपन्यांचे फॉर्म पुढे इथे आले ते 'आय अचीव्ह्ड' म्हणत. आपला मॅनेजर अजूनही तिथे 'टीमच्या सहकार्याने' लिहितो. तो नम्रपणा असतो की सावधपणा, हे फॉर्मवरून कळत नाही.