हाउस मिल (लंडन)

हाउस मिल ही पूर्व लंडनमध्ये ब्रॉम्ली-बाय-बो येथे ली नदीवर उभी असलेली जुनी पाणचक्की. ती नदीच्या ओघावर नव्हे, तर अडवलेल्या भरतीच्या पाण्यावर चाले. या प्रकारच्या आज उभ्या असलेल्या गिरण्यांत ती जगातील सर्वांत मोठी मानली जाते. डॅनियल बिसन याने 1776 मध्ये आधीच्या गिरणीच्या जागी, दोन राहत्या घरांच्या मधोमध ती बांधली. नाव त्यावरूनच पडले. 1802 मध्ये आग लागल्याने ती पुन्हा उभारावी लागली. परिसराला थ्री मिल्स म्हणतात, पण आज गिरण्या दोनच आहेत. दुसरी शेजारची क्लॉक मिल.

भरती चढू लागली की पाणी दरवाजे ढकलून आत शिरे. ओहोटी लागताच आतल्या पाण्याच्याच दाबाने दरवाजे मिटत आणि सुमारे 57 एकरांवर साठा राही. तरीही दळण लगेच सुरू होत नसे. इथल्या चाकांना पाणी खालून लागते. बाहेरची पातळी पुरेशी उतरली नसेल तर पाती त्या पाण्यात बुडून राहतात आणि जोर ते पाणी कापण्यातच जातो. म्हणून ओहोटी बरीच ओसरल्यावर झडपा उघडायच्या आणि पुढच्या भरतीने पाती बुडेपर्यंतच दळायचे. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते (कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, त्यामागेही हेच गणित आहे). त्यामुळे कामाची पाळी कधी भरदुपारी, तर कधी मध्यरात्री येई. उधाणाला साठा भरपूर मिळे. भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत पाण्याच्या पातळीतला फरक कमी आणि दळणही कमी.

इमारत पाच मजली, लाकडी सांगाड्याची. तीन बाजूंनी विटांचे बांधकाम आहे, त्यामुळे समोरून ती पक्क्या विटांचीच वाटते. खरा भार मात्र आतले लाकूड पेलते. अशा गिरणीत उंचीला अर्थ असतो. पोती ओढून माथ्यावर न्यायची, दाणे वरच्या कोठारांतून आपल्या वजनाने खाली येतात आणि जात्यांत पडतात.

हाउस मिलमध्ये चार चाके तळ्यांच्या, म्हणजे दळणाच्या दगडांच्या, बारा जोड्या फिरवीत. चाकाचा आस आडवा, तळी मात्र उभ्या खुंट्याभोवती फिरायची; म्हणून मध्ये दात्यांच्या चाकांची साखळी लागते. इंग्रजी गिरण्यांत बिडाच्या चाकावर बिडाचे चाक सहसा चालवीत नसत. जोडीतल्या एकाला लाकडी दाते बसवीत. आवाज कमी होतो, आणि काही अडकलेच तर लाकडी दाता मोडतो, बीड वाचते.

खालची तळी स्थिर, वरची फिरती. चार फुटी तळी मिनिटाला साधारण 120 फेरे घेते. दोन्हींमधले अंतर मध्याशी जाड कागदाएवढे आणि कडेला पातळ कागदाएवढे राखावे लागते. अंतर वाढले तर भरड निघते. फार कमी झाले तर पीठ तापून करपते. सर्वांत मोठा धोका दाणे संपण्याचा: तळ्या एकमेकींना घासून ठिणग्या उडतात, आणि हवेत तर पिठाची धूळ असते. म्हणून हॉपरमधले (तळ्यांवरच्या दाण्यांच्या पेटीतले) दाणे तळाशी गेले की घंटा वाजेल अशी सोय गिरण्यांत करीत. खाचा बोथट झाल्या की वरची तळी उलथून टाकी लावायची, हे काम जात्यासारखेच. फक्त दगड कैकपट जड.

इथले दळण मुख्यतः शेजारच्या मद्याच्या भट्टीसाठी होते. 1872 मध्ये ती भट्टी जिनसाठी प्रसिद्ध असलेल्या निकोल्सन कंपनीकडे गेली. भट्टीला पावासारखे तलम पीठ लागत नाही; दाणा नीट फुटून आतला पिष्टमय भाग पाण्याला मिळाला की पुरे.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत गिरणीवाल्याचे घर उद्ध्वस्त झाले आणि त्याच सुमारास हाउस मिलचे दळण थांबले. क्लॉक मिल मात्र 1952 पर्यंत चालली. 1990 च्या दशकात घराचा जॉर्जियन धाटणीचा दर्शनी भाग पूर्वीच्या रूपात पुन्हा बांधण्यात आला. गिरणीला वारसा संरक्षणाची सर्वोच्च, म्हणजे पहिली श्रेणी आहे. चारही चाके जागेवर आहेत, पण ती फिरत नाहीत.