पार्सली आणि असेन्शनचा पार्सली फर्न

कुरळ्या पार्सलीची डहाळी आणि असेन्शन बेटावरच्या पार्सली फर्नचं पान शेजारी ठेवलं, तर नवख्याची गफलत ठरलेली. दोन्ही बारीक कातरलेली, रंगही तसाच ताजा हिरवा. फर्नला नाव पडलं ते यामुळेच. नातं मात्र काडीचं नाही. (युरोपातल्या थंड डोंगरांत आणखी एक पार्सली फर्न आहे, तो तिसराच!)

पान उलटून बघा. पार्सलीच्या पानामागे नुसत्या शिरा असतात. फर्नच्या जून पानामागे शिरांलगत तपकिरी ठिपके दिसतात, त्या बीजाणूंच्या, म्हणजे फर्न बीऐवजी ज्यांतून वाढतो त्या कणांच्या, पिशव्या. कोवळं पान हाती लागलं तर काम आणखी सोपं: नेच्याचं, म्हणजे फर्नचं, पान गुंडाळी होऊन वर येतं आणि मग उलगडतं. पार्सली चुरगाळली की वासच सांगतो, ही गाजर-कोथिंबिरीच्या भावकीतली. दुसऱ्या वर्षी तिला छत्रीसारखा पिवळट हिरवा फुलोरा येतो, बी धरतं आणि रोप वाळून जातं.

बी असल्यामुळेच तर भूमध्य सागराकडची ही वनस्पती पुडीत बसून जगभर गेली. फर्नचा बीजाणू धुळीएवढा हलका, पण तो रुजून थेट फर्न होत नाही. आधी एक इवलासा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावरच्या नरपेशींना मादीपेशीपर्यंत पोहत जावं लागतं. ओल आटली की सगळं तिथंच थांबतं.

दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन या रखरखीत ज्वालामुखी बेटावर अशी ओल टिकते ती 859 मीटर उंचीच्या ग्रीन माउंटनवर. 1843 मध्ये इथे आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी डोंगरावर झाडं लावा म्हणजे पाणी वाढेल, असं सुचवलं. झाडी फोफावली, पण बाहेरून आलेल्या हंसराजासारख्या नेच्यांनी या चिमुकल्या फर्नच्या जागा बळकावल्या. 2003 मध्ये त्याची नोंद नामशेष अशी झाली.

2009 मध्ये त्याच डोंगराच्या उतारावर चार रोपं सापडली! दोर लावून उतरायचं आणि त्यांना पाणी घालायचं, असा उद्योग सुरू झाला. बीजाणू असलेली पानं 24 तासांच्या आत लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवली गेली आणि तिथल्या प्रयोगशाळेत नवी रोपं वाढली. हूकर पुढे ज्या उद्यानाचे संचालक झाले, ते हेच क्यू.