कापेलमाइस्टर

सतराव्या व अठराव्या शतकांत जर्मन भाषक प्रदेशांतील राजदरबारांत आणि काही मोठ्या चर्चमध्ये संगीताचा सारा कारभार पाहणाऱ्या पगारी प्रमुखाचे हे पद. प्रसंगानुरूप नवे संगीत रचणे, वादक-गायकांच्या तालमी घेणे, मैफलीचे संचालन करणे, वाद्ये व स्वरलिपीच्या वह्या सांभाळणे ही त्याची कामे असत. त्या काळातील कित्येक श्रेष्ठ रचना कोणाच्या ना कोणाच्या चाकरीत लिहिल्या गेल्या आहेत, आणि ती चाकरी नीट समजून घेतल्याशिवाय त्या रचनाकारांच्या आयुष्याचा अर्थ पुरता लागत नाही.

या पदाचे स्वरूप ऑस्ट्रियन संगीतरचनाकार योझेफ हायडनच्या (१७३२–१८०९) करारनाम्यात सर्वांत स्पष्ट दिसते. एस्तरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या सेवेत उपप्रमुख म्हणून रुजू होताना त्याने १ मे १७६१ रोजी या करारावर सही केली. वार्षिक वेतन ४०० फ्लोरिन (त्या काळचे नाणे) होते. गणवेश, पांढरे मोजे आणि पावडर लावलेले केस ही शिस्त त्याने पाळायची, दररोज दुपारच्या आधी व नंतर दालनाबाहेर हजर राहून आज संगीत हवे की नको हे विचारायचे, हाताखालच्या वादकांशी फार सलगी ठेवायची नाही, अशी त्यातील कलमे होती. सर्वांत जाचक कलम रचनांविषयीचे होते : मालक सांगेल ते लिहायचे, त्याची नक्कल बाहेर जाऊ द्यायची नाही आणि परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी काही रचायचे नाही. हे कलम १७७९च्या नव्या करारात वगळले गेले आणि त्यानंतर हायडनला आपल्या रचना प्रकाशकांना उघडपणे विकता येऊ लागल्या.

१७६६मध्ये तो मुख्य पदावर आला. तेव्हाचा घराण्याचा प्रमुख प्रिन्स निकोलाऊस स्वतः बॅरिटन वाजवीत असे. हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य असून त्याच्या मानेमागून जाणाऱ्या तरफेच्या तारा डाव्या अंगठ्याने छेडता येतात. एकट्या या वाद्याच्या हौसेपायी हायडनला सव्वाशेच्या आसपास त्रिकुटे (तीन वाद्यांसाठीच्या रचना) लिहावी लागली. तरीही हाताशी कायम असलेला वाद्यवृंद, रोजचा सराव आणि जाणकार मालक यांमुळे त्याला हवे ते प्रयोग करून पाहता आले. जगापासून तुटल्यामुळेच आपल्याला स्वतंत्र वाट काढणे भाग पडले, असे उतारवयात त्याने आपल्या चरित्रकाराला सांगितले. सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) व चतुष्क (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) या प्रकारांची जी घडण पुढे मोझार्ट आणि बेथोवेनने आपलीशी केली, तिचा मोठा भाग याच आडबाजूच्या राजवाड्यांत सिद्ध झाला.

१७७२ सालची ४५वी सिंफनी या संदर्भात मुद्दाम ऐकावी. एस्तरहाझा या प्रिन्सच्या आडबाजूच्या राजवाड्यातील मुक्काम लांबत चालला होता आणि बहुतेक वादकांना कुटुंब सोबत आणण्यास मनाई होती. शेवटचा वेगवान भाग मध्येच थांबतो आणि अनपेक्षितपणे संथ भाग सुरू होतो. मग एकेक वाद्य आपला लहानसा तुकडा वाजवून गप्प होते. आधी ओबो व हॉर्न, पुढे बासून, मग डबल बास, चेलो असे वादक मेणबत्ती विझवून उठून जातात आणि अखेर आवाज दबवलेली दोनच व्हायोलिने उरतात. प्रिन्सला अर्थ उमगला आणि लवकरच परतीचा हुकूम निघाला, असे सांगितले जाते. ही कथा बाजूला ठेवली तरी इतक्या हळुवारपणे विरत जाणारा शेवट त्या काळच्या सिंफनीत अपूर्वच म्हटला पाहिजे.

सगळ्यांच्या वाट्याला असा मालक आला नाही. योहान सेबास्टियन बाखने १७१७मध्ये वायमारची नोकरी सोडण्याचा हट्ट धरला, तेव्हा तेथील ड्यूकने त्याला जवळजवळ महिनाभर कैदेत ठेवले. पुढे क्योथेनला मात्र त्याला संगीतप्रेमी राजपुत्र लाभला. उपासनेत साधेपणा पाळणाऱ्या कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंटांचा दरबार असल्यामुळे तेथे चर्चसाठी फारसे लिहावे लागत नसे, म्हणून या काळात त्याची वाद्यरचना बहरली. मोझार्ट साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या सेवेत ऑर्गनवादक होता. व्हिएन्नाच्या मुक्कामात खानसाम्यांच्या पंगतीला बसावे लागल्याचा संताप त्याच्या पत्रांत जागोजागी आहे. १७८१मध्ये त्याने ती नोकरी सोडली.

वाढते प्रकाशन आणि तिकीट लावून होणाऱ्या मैफली यांमुळे शतकाअखेरीस या पदाची पकड सैल होऊ लागली. १८०८मध्ये बेथोवेनला कासेलच्या दरबारातून कापेलमाइस्टरपदाचे बोलावणे आले, तेव्हा तो जाऊ नये म्हणून तिघा सरदारांनी पुढल्या वर्षी मिळून ४,००० फ्लोरिनचे वर्षासन बांधून दिले. त्यासाठी कोणतीही चाकरी करायची नव्हती. त्याने ऑस्ट्रियातच राहावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.