साप्ताहिक सभा आणि फेलोशिप (सेवा क्लब, कोल्हापूर)

रोटरी, लायन्स, जायंट्स यांसारख्या सेवा क्लबांचे सभासद ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जमतात ती क्लबची नियमित सभा. ती साधारण तासाभराची असते. सभेनंतर सगळे एकत्र जेवतात किंवा चहा-फराळ घेतात, त्याला क्लबच्या बोलीत फेलोशिप म्हणतात. दर आठवड्याला जमणे ही मुळात रोटरीची रीत. लायन्समध्ये महिन्यातून दोनदा जमण्याचा प्रघात अधिक आहे. कोल्हापुरात ‘आज क्लब आहे’ एवढे सांगितले, की रात्रीच्या स्वयंपाकात एक माणूस कमी धरायचा हे घरी समजते.

रक्तदान शिबिर, शाळेला दिलेले बाक, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया हे सगळे वर्तमानपत्रात छापून येते. सभेची बातमी होत नाही. पण क्लब टिकतो तो सभेवर. ज्या क्लबची सभा विस्कळीत होते त्याचे प्रकल्पही वर्ष-दोन वर्षांत आटतात, हा सेवा क्लबांत वावरणाऱ्या कोणाचाही अनुभव असतो. म्हणून या नोंदीत प्रकल्पांपेक्षा सभेलाच जास्त जागा दिली आहे.

उगम

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस हा वकील आणि त्याचे तीन परिचित एका कचेरीत जमले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपीकामाचा व्यावसायिक. हॅरिस लहान गावातून आलेला होता. मोठ्या शहरात ओळखी पुष्कळ, पण जिव्हाळ्याची माणसे नाहीत, ही त्याची खंत होती. सभा पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होऊ लागली आणि त्या फिरतीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. समाजसेवा तेव्हा कार्यक्रमात नव्हती. शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी क्लबने १९०७ मध्ये खटपट सुरू केली. तो पहिला सेवाप्रकल्प मानला जातो. म्हणजे आधी दोस्ती जमली आणि सेवा मागून आली. फेलोशिपला ‘नुसते जेवण’ म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यायला हवा.

लायन्सची स्थापना मेल्विन जोन्स याने १९१७ मध्ये शिकागोतच केली. भारतात रोटरीचा पहिला क्लब कोलकात्यात १९२० साली सनद घेऊन उभा राहिला, मुंबईचा १९२९ मध्ये. जायंट्स मात्र आपल्याकडची : नाना चुडासमा यांनी १९७२ मध्ये मुंबईत ती सुरू केली. कोल्हापूर रोटरीच्या ३१७० या प्रांतात (डिस्ट्रिक्टमध्ये) येते. कोल्हापूरसह बेळगाव, गोवा आणि आसपासचा कोकण-कर्नाटकचा पट्टा या प्रांतात असल्यामुळे प्रांताच्या कार्यक्रमात मराठी, कन्नड आणि कोकणी एकाच टेबलावर ऐकू येतात. शहरात मूळच्या क्लबखेरीज करवीर, सनराइज अशा नावांचे आणखी क्लब आहेत.

कोल्हापूरची जमीन

ठरावीक माणसांनी ठरावीक ठिकाणी नेमाने जमणे कोल्हापूरला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पेठापेठांतल्या तालमी हे त्याचे सर्वांत जुने रूप. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा तर खराच, पण गणेशोत्सव, फुटबॉलचा संघ, पेठेतले भांडण मिटवणे, कोणाच्या घरी अडीअडचण आली तर धावून जाणे हे सगळे तालमीच्या कट्ट्यावरून चालते. दुसरे रूप भिशीचे : महिन्याला पैसे भरायचे, चिठ्ठी काढायची आणि त्या निमित्ताने जेवायचे. तिसरे रस्सा मंडळ. चार मित्रांनी वर्गणी काढून मळ्यात चूल मांडायची आणि तांबडा-पांढरा शिजवायचा, याला इथे निमित्त लागत नाही.

सेवा क्लबाचे वेगळेपण जमण्यात नाही, माणसे निवडण्यात आहे. तालीम पेठेची असते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून उभ्या केलेल्या बोर्डिंगांनी खेड्यातल्या मुलांना शहरात शिकायची सोय दिली, ती त्या काळाच्या गरजेनुसार समाजवार होती. रोटरीने निकष ठेवला व्यवसायाचा. मूळ नियम असा की एका व्यवसायातला एकच सभासद. पुढे हा नियम सैल झाला, तरी त्याचा हेतू शिल्लक आहे. त्यामुळे शिवाजी उद्यमनगरातला फौंड्रीवाला, शाहूपुरीतला गुळाचा अडत्या, गुजरीतला सराफ, राजारामपुरीतला डॉक्टर आणि विद्यापीठातला प्राध्यापक एका ओळीत बसतात. एरवी यांची गाठ बिलापुरती किंवा तपासणीपुरती पडते. क्लबात ते एकमेकांना नावाने हाक मारतात, आणि नावापुढे ‘रोटेरियन’ किंवा ‘लायन’ लावतात. कोल्हापुरी माणूस तिथेही वयाने मोठ्याला ‘अण्णा’, ‘दादा’, ‘साहेब’ म्हणतोच. ही दोन्ही संबोधने एका वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात.

सभेचा क्रम

वेळ पत्रिकेत साडेसातची असते. दाराशी टेबलावर हजेरीची वही, तिच्याजवळ उभा असलेला सार्जंट; येणाऱ्याची सही घेणे, कोटावर किंवा शर्टावर क्लबची पिन आहे ना हे पाहणे, पाहुण्याला योग्य खुर्ची दाखवणे हे त्याचे काम. अध्यक्ष घंटेवर हातोडी मारतात आणि सभा सुरू झाली असे जाहीर करतात. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना होते. बऱ्याच रोटरी क्लबांत चतुःसूत्री कसोटी म्हणतात : आपण जे विचार करतो, बोलतो, करतो ते सत्य आहे का, संबंधित सर्वांना न्याय्य आहे का, त्याने सदिच्छा व मैत्री वाढेल का, ते सर्वांच्या हिताचे ठरेल का. हर्बर्ट टेलर या अमेरिकी व्यावसायिकाने बुडायला आलेली कंपनी सावरताना १९३२ मध्ये हे प्रश्न लिहिले आणि रोटरीने १९४३ मध्ये ते स्वीकारले. उधारीवर धंदा चालणाऱ्या गावात दुसरा प्रश्न मोठ्याने उच्चारणे सोपे नसते. तो दर आठवड्याला उच्चारावा लागतो, हे मला या रिवाजातले सर्वांत मोलाचे वाटते.

मग वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस. ज्याचा असेल त्याला पुढे बोलावून गुलाब देतात. जोडीने आलेले असतील तर टाळ्या जास्त पडतात. त्यानंतर सचिवांची निवेदने : कोणत्या शिबिराला किती स्वयंसेवक हवेत, वर्गणी कोणाची राहिली आहे, कोण आजारी आहे. काही क्लबांत आनंदपेटी फिरते. मुलगी सीए झाली, नवे मशीन आले, आईची शस्त्रक्रिया नीट पार पडली, असे एक वाक्य बोलायचे आणि पेटीत नोट टाकायची. पैसा थोडाच जमतो. पण कोणाच्या घरात काय चालले आहे हे सगळ्यांना याच पाच मिनिटांत कळते, आणि पुढे मदत मागायची वेळ येते तेव्हा ही माहिती उपयोगी पडते.

सभेचा मध्य म्हणजे वक्ता. वीस-पंचवीस मिनिटांचे भाषण आणि त्यावर प्रश्न. विषय मधुमेहाचा असेल, जीएसटीचा, उसाच्या ठिबक सिंचनाचा, हुपरीच्या चांदीचा, रंकाळ्याच्या पाण्याचा किंवा गिर्यारोहणाचा. बाहेरचा वक्ता मिळाला नाही तर सभासदच आपल्या धंद्यावर बोलतो. ही व्याख्याने बहुधा पाहुण्याच्या भाषणापेक्षा सरस होतात. साच्यात वाळू किती ओली असावी, ओतताना धातूचे तापमान चुकले तर कास्टिंगला छिद्रे कशी पडतात, हे तीस वर्षे भट्टीशेजारी काढलेला माणूस सांगतो तेव्हा शेजारचा नेत्रतज्ज्ञही वही काढतो. शेवटी आभार, वक्त्याला स्मृतिचिन्ह, पुन्हा घंटा.

फेलोशिप

औपचारिक सभेत जे बोलता येत नाही ते ताटावर बोलले जाते. एखादा प्रकल्प अध्यक्षांच्या डोक्यात असतो, पण त्याला जागा, टेम्पो, डॉक्टर आणि पैसा कोण देणार हे ठरते ते जेवताना. ‘टेम्पो माझा’, ‘गोळ्या मी बघतो’, ‘मुख्याध्यापक माझे वर्गमित्र’ अशी वाक्ये एकापाठोपाठ पडतात आणि कागदावर महिना लागला असता ते काम पंधरा मिनिटांत मार्गी लागते. नवीन सभासद खुलतो तोही इथेच.

कोल्हापुरात जेवणाचा बेत वारावर अवलंबून असतो. बुधवारी सभा असेल तर मटण आणि रश्शाची अपेक्षा उघड असते. सोमवार, गुरुवार, शनिवार म्हणजे शाकाहारी. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे मानणारेही पुष्कळ. श्रावणात प्रश्नच मिटतो. सभेचा वार ठरवताना या गोष्टींचा खल होतो, आणि तो व्हायलाच हवा, कारण सगळ्यांना एका पंगतीत बसता येईल असा वार निवडणे हे फेलोशिपचे पहिले काम आहे.

यावर टीकाही होते. ‘हे लोक खायला जमतात आणि फोटोपुरती सेवा करतात’ हा आक्षेप जुना आहे, आणि काही क्लबांनी तो ओढवूनही घेतला आहे. मोठ्या हॉटेलातले खर्चिक जेवण आणि दहा वह्यांच्या वाटपाला वीस जणांचा फोटो, हे दृश्य शोभत नाही. नीट चालणारे क्लब जेवणाचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून करतात आणि सेवेसाठी गोळा केलेल्या देणगीचा हिशेब वेगळा ठेवतात. देणगीदाराने हा एक प्रश्न जरूर विचारावा.

हजेरी

हजेरी हा रोटरीचा जुना कटाक्ष. लागोपाठ चार सभा विनाकारण चुकवल्या तर सभासदत्व रद्द होऊ शकते, अशी तरतूद नियमांत आहे. त्याला उतारा ‘मेकअप’चा : आपली सभा चुकली तर दुसऱ्या कोणत्याही गावच्या क्लबात जाऊन बसायचे आणि तिथली हजेरी आपल्या सचिवाकडे द्यायची. कामानिमित्त पुण्याला किंवा कोइमतूरला गेलेला उद्योजक संध्याकाळी तिथल्या क्लबात जातो, आपल्या क्लबचे छोटे निशाण देतो, त्यांचे घेऊन येतो. परक्या गावात अर्ध्या तासात चार माणसे ओळखीची होतात.

रोटरीचे नियम ठरवणाऱ्या तिच्या स्वतःच्या विधिमंडळाने (कौन्सिल ऑन लेजिस्लेशन) २०१६ मध्ये हा नियम बराच मोकळा केला. महिन्यातून किमान दोन सभा पुरे, आणि त्या ऑनलाइनही चालतात. करोनाच्या काळात ऑनलाइन सभांनी क्लब जिवंत ठेवले हे मान्य करायला हवे. पण पडद्यावर व्याख्यान होते, फेलोशिप होत नाही.

स्त्रिया आणि तरुण

रोटरी दीर्घकाळ पुरुषांची होती. सभासदांच्या पत्नींना भारतात ‘अ‍ॅन’ आणि मुलांना ‘अ‍ॅनेट’ म्हणत. जुन्या क्लबांत हे शब्द अजून ऐकू येतात. इंग्लंडात १९२४ मध्ये सुरू झालेल्या इनर व्हीलने रोटेरियनांच्या घरच्या स्त्रियांना स्वतःचे व्यासपीठ दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालानंतर १९८९ मध्ये रोटरीने जगभर स्त्रियांना सभासदत्व खुले केले. आज कोल्हापुरात स्त्रिया अध्यक्षपदी असतात आणि महिलांचा स्वतंत्र क्लबही आहे. महाविद्यालयीन वयासाठी रोटरॅक्ट, शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट.

महापूर आणि जुलै

रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते. पदग्रहण समारंभात मावळते अध्यक्ष नव्या अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर, म्हणजे पदाचा पट्टा, घालतात, संचालक मंडळ बदलते, वर्षाचे संकल्प जाहीर होतात. कोल्हापुरात हे नेमके पंचगंगा फुगण्याचे दिवस. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर धोका. २००५ चा पूर जुलैअखेर सुरू झाला, २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला, २०२१ चा पुन्हा जुलैअखेर. २०१९ मध्ये पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली आणि पुणे-बंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ काही दिवस बंद राहिला. म्हणजे खुर्चीवर बसून जेमतेम महिना होतो न होतो तोच नव्या चमूची परीक्षा.

अशा वेळी कोणाला काय मागायचे हे माहीत असणे हीच मोठी शिदोरी ठरते. पाण्याचा टँकर कोणाकडे आहे, जनरेटर कोण देईल, औषधांचा घाऊक व्यापारी कोण, गोदाम कोणाचे कोरड्या भागात आहे, हे सगळे क्लबला सभांमधून आधीच कळलेले असते. फोन लावताना स्वतःची ओळख सांगावी लागत नाही. पूर ओसरल्यावरचे काम याहून लांबते : गाळ काढणे, विहिरी स्वच्छ करणे, शाळेची दप्तरे, भिजलेली दुकाने. तालमीची पोरे पाण्यात उतरतात आणि क्लब मागून साहित्य पुरवतात, अशी वाटणी न ठरवता होते. तालमींची बरोबरी या बाबतीत कोणी करू नये. छातीभर पाण्यातून म्हातारी माणसे उचलून आणणारी ती मुले वेगळीच.

पोलिओचे काम याउलट, संथ आणि लांब पल्ल्याचे. रोटरीने १९८५ मध्ये जागतिक मोहीम हाती घेतली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी क्लबांचे सभासद बूथवर बसू लागले. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. इतकी वर्षे पुन्हा पुन्हा त्याच बूथवर जायला उत्साह पुरत नाही, सवय लागते. ती ज्यांना आठवड्याच्या सभेने लावली होती ते टिकले.

नोंदी आणि बुलेटिन

प्रत्येक सभेचे इतिवृत्त सचिव लिहितो. पूर्वी क्लबचे छापील बुलेटिन निघे : मागील सभेचा वृत्तांत, हजेरीची टक्केवारी, पुढचा वक्ता, सभासदांच्या घरची आनंदवार्ता. आता ते बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि फोन बदलला की जाते. जुनी बांधीव बुलेटिने माजी अध्यक्षांच्या कपाटांत पडून आहेत. कोणत्या साली गावात कशाची टंचाई होती, कोणता उद्योग नवा होता, डॉक्टर कोणत्या साथीबद्दल सावध करत होते, हे त्या पानांत तारीखवार सापडते. शहराच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी आणि क्लबांनी मिळून ती स्कॅन करून विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावीत, कारण कपाटे रिकामी करताना आधी रद्दीत जातात ती हीच.