जंताचं अर्धं आयुष्य मातीत

१९६३ साली दक्षिण कोरियातल्या जॉन्जू शहरात नऊ वर्षांच्या एका मुलीला पोटदुखीने रुग्णालयात आणलं. शस्त्रक्रियेत तिच्या आतड्यातून १,०६३ गोलकृमी निघाले. मुलगी वाचली नाही.

एवढे जंत तिच्या पोटातच वाढत गेले असतील, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण त्यातलं एकही पोटात फुटत नाही. शौचावाटे बाहेर पडून ओलसर, उबदार मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावरच त्यात संसर्ग करू शकणारी अळी तयार होते. म्हणजे त्या मुलीने हजाराहून जास्त अंडी एकेक करून बाहेरूनच गिळली होती. तेव्हा तिथल्या शेतांना सोनखत, म्हणजे माणसाच्या विष्ठेचं खत घालत, आणि अंडी भाजीला चिकटून घरात येत.

गिळलेल्या अंड्यातली अळी आतड्याची भिंत भेदते, रक्तातून यकृतात आणि मग फुप्फुसात पोहोचते, श्वासनलिकेतून घशापर्यंत चढते आणि पुन्हा गिळली जाते. आतड्यात परतल्यावर तिचा वीतभर किंवा त्याहूनही लांब जंत होतो. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरते. हा जंत रक्त पितो, म्हणून मूल फिकट पडतं, दमतं, वर्गात पेंगतं. तिसरा चाबूककृमी. या तिघांनी मिळून जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना ग्रासलं आहे. (गोड खाल्ल्याने मात्र जंत होत नाहीत.)

शाळकरी वयात जंतांचा भार सहसा सर्वांत जास्त असतो, आणि ही मुलं शाळेत एकत्र सापडतात. म्हणून २००१ साली जागतिक आरोग्य सभेने धोका असलेल्या भागांतल्या किमान ७५ टक्के शाळकरी मुलांना नियमित औषध देण्याचं उद्दिष्ट ठरवलं. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी जंताला ग्लुकोज शोषू देत नाही, त्याची उपासमार होते. गोळी स्वस्त आणि सुरक्षित असल्याने तपासणी न करताही सगळ्यांना देता येते.

पण चाबूककृमीवर एका गोळीचा प्रभाव कमी पडतो. शिवाय गोळी फक्त पोटातले जंत काढते; मातीतली अंडी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं तग धरतात. अंगणातच शौच होत असेल, तर काही महिन्यांत मूल होतं तिथेच येतं. गोळ्या वाटल्या की काम संपलं, असं मानणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

कोरियाने दोन्ही टोकं धरली. १९६६ मध्ये परजीवी प्रतिबंधक कायदा झाला. १९६९ पासून १९९५ पर्यंत शाळांमध्ये वर्षातून दोनदा मुलांची विष्ठा तपासली जाई आणि जंत आढळलेल्यांना औषध मिळे. त्याच काळात सोनखताची जागा रासायनिक खताने घेतली, शौचालयं सुधारली. १९७१ च्या देशव्यापी पाहणीत शंभरातल्या पंचावन्न जणांच्या विष्ठेत गोलकृमीची अंडी होती. १९९७ मध्ये ती दहा हजारांत सहा जणांकडे सापडली.