कुटुंबासह परदेशी नोकरीला निघताना

सप्रेम नमस्कार. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून नोकरीनिमित्त परदेशी निघालेल्या कुटुंबांची कागदपत्रे आम्ही तयार करून देतो. आमच्यासमोर बहुधा नोकरी लागलेला माणूस एकटाच येऊन बसतो, आणि तिकडे गेल्यावर दिवसभर अनोळखी घरात मुलांना सांभाळणार असते ती त्याची पत्नी मात्र यातले काहीच ऐकत नाही. म्हणून हे पत्रक दोघांनी एकत्र बसून वाचावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

पहिली खात्री इथेच, घर सोडण्याआधी करावी लागते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असणे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो परवाना चालू आहे की नाही हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच शुल्क घेता येते. त्यामुळे शेत किंवा सोने गहाण ठेवण्याची वेळ येत असेल तर तिथेच थांबावे. "आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ," असे सांगणारा नात्यातला असला तरी त्याला नकार द्यावा. संगणकावरच्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या तरुणांना कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमध्ये डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतल्याचे प्रकार घडले आहेत, आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल २०२२ पासून वेळोवेळी सावध केले आहे.

नोकरी पक्की असली तरी कुटुंबाने पहिल्याच विमानाने जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कर्त्या माणसाने दोन-तीन महिने आधी जाऊन पगार वेळेवर होतो का, घर कुठे आहे, दवाखाना आणि शाळा किती लांब आहेत, हे स्वतः पाहावे आणि मग बायको-मुलांना बोलवावे. कुटुंबाचा व्हिसा बहुधा त्याच्या नोकरीवरच अवलंबून असतो, म्हणून परतीच्या तिकिटांपुरते पैसे वेगळे काढून ठेवावेत आणि ते कुठे आहेत हे पत्नीलाही माहीत असावे.

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाने तो "सांभाळायला" मागितला तरी देऊ नये. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र, विवाह नोंदणी आणि मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती पत्नीच्या मोबाइलमध्ये आणि इथे घरच्या एखाद्या विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात. भारतीय दूतावासाचा क्रमांक आणि तिथल्या पोलिसांचा व रुग्णवाहिकेचा क्रमांक (संयुक्त अरब अमिरातीत अनुक्रमे ९९९ आणि ९९८, जर्मनीत ११० आणि ११२) कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवावा, कारण घाबरलेल्या माणसाला फोनमध्ये शोधाशोध सुचत नाही.

सामानाबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. गेल्या उन्हाळ्यात दुबईला निघालेल्या एका ताईंची बॅग आम्ही त्यांच्यासमोरच तपासली, तेव्हा बिबड्यांच्या खाली सासूबाईंनी मायेने कुटून दिलेला दोन किलो काळा मसाला निघाला आणि त्यात नेहमीप्रमाणे खसखस होती. खसखस अफूच्या बोंडातली असल्याने अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, आणि ती बाळगल्याबद्दल अटकही होऊ शकते. सौदी अरेबिया आणि सिंगापूरलाही ती नेऊ नये. मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्यावा. हीच गोष्ट औषधांची: कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात, पण अमिरातीत त्या नियंत्रित आहेत आणि नेण्यापूर्वी तिथल्या सरकारची परवानगी लागते. कोणी शेजाऱ्याने "माझ्या भावाला एवढे द्या" म्हणून दिलेले बंद पुडके तर मुळीच घेऊ नये.

मुलांना सर्वांत मोठा धोका रस्त्याचा आणि गॅलरीचा असतो. आपल्याकडे रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहायला शिकवतो. आखाती देशांत आणि युरोपातील बहुतेक देशांत वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिली गाडी डावीकडून येते. ही सवय इथेच, अंगणात खेळता खेळता बदलावी. अमळनेर-चोपड्याच्या बैठ्या घरात वाढलेल्या मुलाला बाराव्या मजल्याच्या कठड्याची भीती ठाऊक नसते, म्हणून गॅलरीला कुलूप आणि खिडकीला जाळी बसेपर्यंत जवळ खुर्ची किंवा टेबल ठेवू नये. भुसावळच्या उन्हाची सवय असली तरी बंद गाडीत मुलाला पाच मिनिटेही एकटे सोडू नये.

प्रवासाच्या किमान एक महिना आधी नवरा-बायको दोघांनी आमच्या कार्यालयात यावे आणि येताना करारपत्र, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या व सामानाची यादी बरोबर आणावी. यादी तपासण्याचे आम्ही पैसे घेत नाही.