'रोबस्ट' चाचणी: एका शब्दाची पार्श्वभूमी

सोलापुरात कुठल्याही यंत्रमाग कारखान्यात जा आणि एका पाळीत ताणा (कापडाचा उभा धागा) किती वेळा तुटला ते मोजा. बऱ्याच मागांवर आकडा लहान असतो, एखाद्यावर भलताच मोठा. घंटेसारखा आलेख यातून निघत नाही. तरी प्रबंधात दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी टी-चाचणी लागतेच, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न ठरलेला: "नॉर्मलिटी तपासली का?", म्हणजे आकडे घंटेसारखे पसरलेत का?

टी-चाचणी १९०८ ची, डब्लिनच्या बिअर कारखान्यातल्या गरजेतून आलेली. गृहीतकं मोडली तर काय, याची चौकशी पुढे वीसेक वर्षांनी सुरू झाली. 'रोबस्ट', म्हणजे गृहीतकं मोडली तरी तग धरणारी, हा शब्द मात्र १९५३ च्या एका लेखाने रूढ केला.

त्या लेखाचं अर्धंच म्हणणं लोकांच्या लक्षात राहिलं. सरासऱ्यांची तुलना नॉर्मलपणा मोडला तरी बऱ्यापैकी तग धरते, हे ते अर्धं. उरलेलं अर्धं असं की व्हेरिअन्सची, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याची, तुलना करणाऱ्या तेव्हाच्या चाचण्या ढेपाळतात. नमुना वाढला की सरासरीला मध्यवर्ती सीमा प्रमेय सांभाळून घेतं: मोठ्या नमुन्यांच्या सरासऱ्या घंटेसारख्या पसरतात. व्हेरिअन्सचा अंदाज किती डळमळेल हे वितरणाच्या शेपट्या किती जड, म्हणजे टोकाचे आकडे किती वारंवार येतात, यावर ठरतं आणि नमुना वाढवून ती चूक जात नाही. म्हणून आधी व्हेरिअन्स तपासून मग सरासऱ्यांकडे वळणं म्हणजे मोठं जहाज सोडण्याआधी समुद्र शांत आहे का ते बघायला वल्ह्याची होडी धाडणं. उपमा त्याच लेखातली. सोलापूरला समुद्र नाही, पण मुद्दा कळायला हरकत नसावी.

हा इशारा पचला नाही. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या निकालात आजही आधी व्हेरिअन्सची चाचणी आणि शेजारी टी-चाचणीच्या दोन ओळी (समान आणि असमान व्हेरिअन्ससाठी) येतात; विद्यार्थी त्या चाचणीवरून दोनपैकी एक ओळ निवडतो. ती तपासणी आता जास्त टणक झाली आहे, हे खरं. पण असमान व्हेरिअन्ससाठीची दुरुस्त टी-चाचणी १९४७ पर्यंत तयार होती. तीच थेट वापरली तर निवडीचा प्रश्नच उरत नाही.

१९६० च्या दशकात शब्दाला दुसरा अर्थ चिकटला: एखाददुसऱ्या वेड्यावाकड्या आकड्याने न हलणारा अंदाज. या अर्थाने टी-चाचणी रोबस्ट नाहीच. जड शेपट्यांत तिचे खोटे इशारे (फरक नसताना फरक दाखवणं) ५ टक्क्यांच्या आसपास राहतात, पण खरा फरक हातून निसटतो. प्रबंधात "चाचणी रोबस्ट आहे" लिहिणाऱ्याला यातला कुठला अर्थ अभिप्रेत असतो, देव जाणे.

ताणा तुटण्याच्या नोंदींचा एक जुना संच 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरसोबतच मिळतो. त्यात गटांत विभागलेल्या ५४ नोंदी आहेत, सर्वांत लहान १०, सर्वांत मोठी ७०. ज्या गटाची सरासरी सर्वांत जास्त, त्याचाच पसाराही सर्वांत जास्त. पण प्रत्येक गटात नेमक्या ९ नोंदी असल्याने त्याचा फटका सौम्य बसतो. कारखान्यातून गोळा केलेल्या आकड्यांत एका गटात २५ माग आणि दुसऱ्यात ६ येतात. त्या ६ मागांचा पसारा मोठा निघाला, तर साध्या टी-चाचणीचे खोटे इशारे ५ टक्क्यांच्या बरेच वर जातात.